पलटण म्हणजे प्लाटून की बटालियन?

शब्दवेडा यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या भारतीय सैनिकांवरच्या एका इंग्रजी पुस्तकाचं मराठी भाषांतर चालू आहे. पहिल्या मसुद्यात 'प्लाटून'ला सगळीकडे 'पलटण' लिहिलं, कारण शब्द सरळसरळ त्यावरूनच आल्यासारखा वाटतो. मुद्रितं तपासणाऱ्या बाईंनी पहिल्याच प्रकरणात लाल रेघ मारून ठेवली आणि शेरा दिला : 'पलटण म्हणजे बटालियन. तीस माणसांची पलटण कुठून आणली?'

आता तीनशे पानांत सुमारे दीडशे ठिकाणी हा शब्द आहे. सरसकट बदलून टाकण्याआधी खात्री करायची आहे.

१) पलटण म्हणजे नेमकं काय? माणसं किती? प्रमुख कोण?
२) प्लाटून, कंपनी, बटालियन, रेजिमेंट, ब्रिगेड यांना मराठीत काय लिहावं? 'तुकडी' सगळीकडे चालेल का?
३) मूळ पुस्तकात लेखक कधी बटालियन म्हणतो, कधी रेजिमेंट, आणि दोन्ही वेळा एकाच लोकांबद्दल बोलतोय असं वाटतं. ती त्याची चूक की माझी?

---

कोकणस्थ_कोश

शब्द प्लाटूनवरूनच आलाय. प्लाटून हा फ्रेंच 'पेलोतों'वरून, म्हणजे छोटा चेंडू, गुंडाळा, त्यावरून माणसांचा घोळका. प-ल-ट-न ही अक्षरंच सांगतात. तुमचा मसुदा बरोबर होता, बाईंनी उगाच शंका काढली. व्युत्पत्ती बघा आणि पुढे चला.

---

पायदळी

कोश, व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ काढायला गेलात तर फसाल. शब्दाचं रूप प्लाटूनकडून आलं असेल, अर्थ मात्र बटालियनचा आहे. लष्करात आज कोणी 'हमारी पलटन' म्हणालं तर तो आपल्या बटालियनबद्दल बोलतोय. प्लाटूनला सगळे प्लाटूनच म्हणतात.

असं का झालं तेही सांगतो. कंपनी सरकारने देशी शिपाई भरती केले ते बटालियनच्या हिशेबाने. १७५७ मध्ये क्लाइव्हने बंगालमध्ये पहिली देशी बटालियन उभी केली, तिला लोक लाल डगल्यांवरून 'लाल पलटण' म्हणू लागले. आपल्याकडे १७६८ मध्ये मुंबईच्या शिपायांची जी बटालियन उभी राहिली ती आजची मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, जिला 'जंगी पलटण' म्हणतात. त्या काळात 'प्लाटून' म्हणजे रांगेतून आळीपाळीने बार काढण्यासाठी पाडलेला भाग. त्याला स्वतःचं कायमचं अस्तित्व नव्हतं. ब्रिटिश पायदळात कायमची प्लाटून आली ती १९१३ च्या सुमारास, जुन्या आठ कंपन्या मोडून चार मोठ्या कंपन्या केल्या आणि प्रत्येकीत चार प्लाटून घातल्या तेव्हा. तोवर 'पलटण' शब्द दीडशे वर्षं वापरून गुळगुळीत झाला होता. नवीन आलेल्या प्लाटूनला तो द्यायला शिल्लकच नव्हता.

आता आकडे. भारतीय पायदळाची नेहमीची रचना खालून वर अशी :

सेक्शन : १० जण. प्रमुख हवालदार, पूर्वी नाईक असे. तुमच्या पुस्तकाच्या काळात नाईकच धरा.

प्लाटून : तीन सेक्शन आणि प्लाटून मुख्यालयातले चार-पाच जण, म्हणजे पस्तिसेक. प्रमुख बहुतेक वेळा सुभेदार किंवा नायब सुभेदार. एखाद्या प्लाटूनवर तरुण अधिकारी असतो. महायुद्धाच्या काळात आज ज्याला नायब सुभेदार म्हणतात त्याला 'जमादार' म्हणत. आज जमादार म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे वेगळंच काहीतरी येतं, तेव्हा पहिल्या ठिकाणी खुलासा हवा.

कंपनी : तीन प्लाटून, सुमारे १२० जण. प्रमुख मेजर. कंपन्यांना अक्षरं असतात, ए, बी, सी, डी. बोलताना अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा.

बटालियन, म्हणजेच पलटण : चार रायफल कंपन्या, एक सपोर्ट कंपनी (८१ मि.मी. उखळी तोफा, रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रं वगैरे), एक मुख्यालय कंपनी (सिग्नल, रसद, लंगर, वाहनं). एकूण साधारण आठशे. प्रमुख कर्नल. २००४ पूर्वी हा मान लेफ्टनंट कर्नलचा होता, त्यामुळे तुमच्या पुस्तकात लेफ्टनंट कर्नलच दिसेल. तो 'सीओ'. त्याच्या हाताखालचा मेजर कंपनीपुरता प्रमुख. इंग्रजीत 'कमांडिंग ऑफिसर' आणि 'ऑफिसर कमांडिंग' हे शब्द उलटसुलट दिसले म्हणून दोघांना एक समजू नका. पहिला पलटणीचा, दुसरा कंपनीचा.

ब्रिगेड : साधारण तीन पलटणी, आणि त्या बहुधा वेगवेगळ्या रेजिमेंटच्या. प्रमुख ब्रिगेडियर. तीन ब्रिगेडची एक डिव्हिजन, तिचा प्रमुख मेजर जनरल.

प्लाटूनना सबंध बटालियनमध्ये मिळून सलग क्रमांक असतात. ए कंपनीत १, २, ३, बीमध्ये ४, ५, ६, सीमध्ये ७, ८, ९, डीमध्ये १०, ११, १२. १९६२ मध्ये रेझांग ला इथे मेजर शैतान सिंग यांची चार्ली कंपनी होती, तिथल्या प्लाटून सात, आठ आणि नऊ होत्या त्या म्हणूनच. 'नऊ नंबरची पलटण' असं भाषांतर केलंत तर वाचक नववी बटालियन समजेल. प्रत्यक्षात ती १३ कुमाऊं या पलटणीतली एक प्लाटून होती.

दोन्ही शब्द एका वाक्यात हवे असतील तर टायगर हिल घ्या. योगेंद्र सिंह यादव हे १८ ग्रेनेडियर्स या पलटणीच्या घातक (हल्ल्यासाठी खास निवडलेल्या) प्लाटूनमधले. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी अर्धे घोटाळे मिटतील.

---

शब्दवेडा

पायदळी सर, मनापासून आभार. मुद्रितवाल्या बाईंची माफी मागतो. पण रेजिमेंटचं अजून डोक्यात शिरलं नाही. शिवाय खालची माझी वाक्यं एकदा बघाल का? मूळ मजकुरात पहिल्या तीन ठिकाणी अनुक्रमे प्लाटून, बटालियन आणि सेक्शन आहे, चौथ्यात ब्रिगेड.

(अ) 'दुसऱ्या लेफ्टनंटने आपली पलटण टेकडीच्या डाव्या अंगाने पाठवली.'
(आ) 'रात्रीत रेजिमेंटने नदी ओलांडली.'
(इ) 'यशवंत घाडगे यांची पलटण मशीनगनच्या माऱ्यात सापडली आणि त्यांच्याखेरीज सगळे कामी आले.'
(ई) 'ब्रिगेडमधल्या तिन्ही तुकड्यांची मिळून दोनशे माणसं ठार झाली.' मूळ शब्द 'कॅज्युअल्टी'.

---

पायदळी

आधी (इ), कारण तिथे शब्दाची किंमत सर्वात जास्त आहे.

नाईक यशवंत घाडगे ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे. १० जुलै १९४४, इटली. त्यांच्या हाताखाली एक रायफल सेक्शन होता. जवळून मशीनगनचा मारा झाला, त्यात ते स्वतः सोडून सेक्शनमधले सगळे ठार किंवा जखमी झाले. ते एकटे पुढे धावले, मशीनगन निकामी केली आणि नंतर गोळी लागून गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आता तुमचं वाक्य वाचा : 'पलटण' आणि 'सगळे कामी आले'. मराठी वाचकाच्या हिशेबाने आठशे माणसं मेली. खरं काय, तर दहा-एक जण, आणि त्यातलेही काही जखमी. 'कामी येणे' म्हणजे मरणेच, जखमींना तो शब्द लावता येत नाही. असं लिहा : 'नाईक यशवंत घाडगे यांचा सेक्शन मशीनगनच्या माऱ्यात सापडला. ते स्वतः सोडून सेक्शनमधले सगळे ठार किंवा जखमी झाले.'

(ई) मध्येही तोच घोटाळा. 'कॅज्युअल्टी'त ठार, जखमी, बेपत्ता, पकडलेले सगळे येतात. लढाईत जखमींची संख्या ठार झालेल्यांच्या कितीतरी पट असते. 'दोनशे जण ठार वा जखमी' लिहा, आणि मूळ पुस्तकात फोड दिली असेल तर ती घ्या. शिवाय ब्रिगेडच्या 'तुकड्या' नाहीत, 'तिन्ही पलटणी'. तुकडी हा शब्द बिनआकड्याचा आहे. गस्तीवर गेलेले पाच जण तुकडी, मदतीला आलेले शंभर जणही तुकडी. मूळ लेखकाने आकार सांगितला नसेल तिथेच वापरा. त्याने सांगितलाय तिथे तुकडी घातलीत तर माहिती गळते.

(अ) मध्ये 'दुसरा लेफ्टनंट' नको. सेकंड लेफ्टनंट हा हुद्दा आहे, अनुक्रमांक नाही. वाचक पहिला लेफ्टनंट कुठे गेला म्हणून शोधत बसेल. 'सेकंड लेफ्टनंटने आपली प्लाटून टेकडीच्या डाव्या अंगाने पाठवली.'

(आ) साठी रेजिमेंट समजून घ्यावं लागेल. भारतीय (आणि ब्रिटिश) पायदळात रेजिमेंट एकत्र लढायला जात नाही. ते घराणं आहे. भरती, प्रशिक्षण, चिन्ह, जयघोष, परंपरा आणि रणसन्मान रेजिमेंटचे. लढायला जातात त्या पलटणी, आणि त्या देशभर विखुरलेल्या असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला. पण बेळगावहून 'रेजिमेंट' उठून सीमेवर गेली असं कधी होत नाही. म्हणून 'रात्रीत बटालियनने नदी ओलांडली' किंवा 'पलटणीने नदी ओलांडली'.

तुमचा लेखक कधी बटालियन, कधी रेजिमेंट का म्हणतो याची दोन कारणं असू शकतात. एक म्हणजे इंग्रजी लेखक प्रेमाने किंवा सवयीने आपल्या बटालियनला 'द रेजिमेंट' म्हणतात. दुसरं, १९२२ च्या आधीचा संदर्भ आला असेल. तोवर भारतीय पायदळात बहुतेक रेजिमेंट एकाच बटालियनच्या असत. पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३ री, ११० वी आणि ११७ वी मराठा अडकल्या, त्या तिन्ही नावाने स्वतंत्र रेजिमेंट होत्या आणि आकाराने एकेक पलटण. १९२२ मध्ये त्यांना एकत्र करून '५ वी मराठा लाइट इन्फंट्री' केलं. १०३ री झाली तिची पहिली बटालियन, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी. घाडगे यांची पलटण म्हणजे जुनी ११० वी. म्हणजे १९२२ पूर्वीच्या मजकुरात 'रेजिमेंट' वाचलं तरी मराठीत पलटण लिहिता येईल, त्यानंतरच्या मजकुरात जरा थांबून बघावं लागेल.

आणि आकड्यांचा सापळा. पुस्तकात '३/५ मराठा' असं दिसेल. तो अपूर्णांक नाही. आधी बटालियन, मग रेजिमेंट. नामदेव जाधव (व्हिक्टोरिया क्रॉस, एप्रिल १९४५, सेनियो नदी) १/५ मराठाचे, म्हणजे पाचव्या रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीचे. महायुद्ध संपल्यावर, १९४५ मध्येच, मराठ्यांच्या नावातला रेजिमेंटचा '५' गेला. त्यामुळे आज कोणी '५ मराठा' म्हणालं तर ती पाचवी बटालियन, आणि १९४४ च्या पुस्तकात 'फिफ्थ मराठा' आलं तर ती संपूर्ण रेजिमेंट. गोरखा पलटणींत दुहेरी आकडा अजून आहे : १/८ गोरखा रायफल्स म्हणजे आठव्या गोरखा रायफल्सची पहिली पलटण. पहिल्या उल्लेखाला पूर्ण नाव अक्षरी लिहा, 'पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन', कंसात ३/५ मराठा. नंतर नुसतं ३/५.

'लाइट इन्फंट्री'चं 'हलकं पायदळ' करू नका, ते विशेषनाम आहे. तसं पाहिलं तर आज त्यातला 'लाइट' हा मुख्यतः मानाचा आणि परंपरेचाच उरलाय.

---

वृत्तडेस्क

वर्तमानपत्राच्या बाजूने थोडी भर. पोलिसांच्या आणि निमलष्करी दलांच्या बातम्यांत 'पलटण' टाळा. तिथे शब्द वेगळे आहेत.

राज्य राखीव पोलीस दलात बटालियनला मराठीत 'गट' म्हणतात. गट क्रमांक १ आणि २ पुण्यात, ३ जालन्यात, ४ नागपूरला, ५ आणि ७ दौंडला, ८ गोरेगावला. प्रमुख 'समादेशक'. बातमीत 'एसआरपीच्या दोन गटांना पाचारण' असं लिहून जाल आणि प्रत्यक्षात आलेल्या असतील दोन कंपन्या. निवडणूक किंवा बंदोबस्ताला साधारणपणे कंपन्याच येतात. सीआरपीएफ, सीमा सुरक्षा दल यांच्या हिंदी कागदांवर 'वाहिनी' दिसेल, ती बटालियन. ती मराठीत तशीच उचलू नका, मराठी वाचकाला वाहिनी म्हणजे टीव्हीची.

२६ जानेवारीच्या संचलनाच्या बातमीत 'पथक' लिहा. संचलनात चालतो तो खास निवडून केलेला गट, त्याचा प्लाटूनच्या आकड्याशी संबंध असेलच असं नाही.

गावाकडून आलेल्या मजकुरात दोन शब्द नेहमी तपासावे लागतात. एक, 'मराठा बटालियनमध्ये भरती झाला'. लोक रेजिमेंटलाच बटालियन म्हणतात, तेव्हा कोणती बटालियन हे विचारून क्रमांक घ्या, नाहीतर सरळ 'मराठा लाइट इन्फंट्रीत' लिहा. दुसरा शब्द 'मेजर'. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे सुट्टीवर आलेल्या जवानालाही मेजर म्हणतात, हवालदाराला तर नक्कीच. शोकवार्तेत कोणी 'मेजर अमुक' लिहून दिलं तर हुद्दा ओळखपत्रावरून किंवा पेन्शनच्या कागदावरून पडताळा. अधिकारी मेजर आणि हवालदार मेजर यांत जमीनअस्मानाचा फरक आहे आणि चूक झाली तर घरच्यांनाच ओशाळं वाटतं.

फलटण तालुक्याचा या कशाशीही संबंध नाही. ऑटोकरेक्ट मात्र दोन्हींची अदलाबदल बेधडक करतो. 'मराठा फलटण' छापून आलेलं आहे, हसू नका.

---

मोडीवाचक

पेशवाईच्या कागदांत हा शब्द कसा येतो ते सांगतो, कारण ऐतिहासिक कादंबऱ्यांत याची फार खिचडी होते.

शिवकाळात पलटण नाही. तिथे पायदळाची उतरंड वेगळी : नऊ-दहा पाईकांवर एक नाईक, पाच नायकांवर हवालदार, दोन-तीन हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी. घोडदळात पंचवीस बारगिरांवर हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला. नाईक, हवालदार हे शब्द आजच्या लष्करात आहेत म्हणून अर्थ तोच समजू नये. त्या काळचा हवालदार पन्नासेक माणसांचा धनी, आणि किल्ल्याचा हवालदार म्हणजे तर किल्ल्याचा मुख्य अधिकारी. आजचा हवालदार दहांचा.

अठराव्या शतकात युरोपीय पद्धतीची कवायत आली तेव्हा आधी आला शब्द 'गारदी'. फ्रेंच 'गार्द'वरून आला असं मानतात. पानिपतावरचा इब्राहिमखान गारदी सर्वांना माहीत आहे. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला तो गारद्यांच्या हातून, आणि त्यानंतर मराठीत 'गारदी'ला जी छटा चिकटली ती आजवर गेली नाही. म्हणून गारदी हा शब्द नुसता 'कवायती शिपाई' या अर्थाने आजच्या मजकुरात वापरला तर वाचकाला मारेकरी दिसतो.

पुढे महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये द बॉयन्य या सॅव्हॉयच्या (आजच्या फ्रान्समधल्या) सेनानीला चाकरीत घेतलं. सुरुवात दोन पलटणींनी झाली. १७९० मध्ये राजस्थानातल्या पाटण आणि मेडता इथल्या विजयांत या फौजेचा मोठा वाटा होता. मग तिचा विस्तार होऊन अनेक पलटणींचे मोठे विभाग झाले. त्या विभागाला मराठी कागदांत शब्द आहे 'कंपू'. म्हणजे कंपू ही ब्रिगेड, पलटण ही बटालियन. 'दोन कंपू रवाना केले' असं वाचलं तर हजारो माणसं, तोफा, बैल, बुणगे (फौजेबरोबरचे बिनलढाऊ लोक) सगळं आलं. १८०३ मध्ये असई, लासवाडीला इंग्रजांशी लढले ते हेच शिंद्यांचे कंपू.

त्यामुळे शब्दवेडा, तुमच्या मुद्रितवाल्या बाई बरोबर आहेत, आणि फक्त आजच्या लष्करी वापराने नाही, जुन्या मराठीनेही. पलटण शब्द मराठीत आल्यापासून बटालियनच आहे. जुन्या पत्रांत अनेकवचन 'पलटणें' असंही मिळतं. आज पलटण स्त्रीलिंगी, सामान्यरूप पलटणी-, अनेकवचन पलटणी. 'पलटणमध्ये' कानाला खटकतं, 'पलटणीत' लिहा.

(कंपूचं पुढे काय झालं हे या संस्थळावर वेगळं सांगायला नको. ब्रिगेडची कंपूबाजी झाली.)

---

कोकणस्थ_कोश

बरं, मान्य. रूप एकाचं, अर्थ दुसऱ्याचा. पण मग दक्षिणेतलं काय? तमिळ-मल्याळममध्ये 'पट्टाळम' आहे, तो तर बटालियनच्या जवळचा वाटतो.

---

मोडीवाचक

हो, आणि मल्याळममध्ये त्याचा अर्थ अजून फुगला. तिथे पट्टाळम म्हणजे एकूण लष्करच. उत्तरेकडच्या 'पलटन'मध्येही बटालियन आणि प्लाटून हे दोन्ही शब्द एकमेकांत मिसळले असावेत. शिपायाने गोऱ्या अधिकाऱ्याच्या तोंडून दोन्ही ऐकले, त्याला रोज जिच्याशी काम पडे ती होती बटालियन.

मराठीत तर दोन्ही रूपं नांदतात. 'पलटण' लष्करी आणि 'पटालम' घरगुती. 'बायकापोरांचं पटालम घेऊन आला' म्हणतो तो हाच शब्द, दक्षिणेच्या वाटेने आलेला. पटालम नपुंसकलिंगी आणि त्यात थोडी थट्टा आहे. रणांगणावर चालणार नाही. पुण्याच्या कबड्डी संघाने मात्र नावात 'पलटण' घेतलं, तिथे ती सात खेळाडूंची आहे आणि त्यावर कुणाचा आक्षेप नाही.

---

शब्दवेडा

छान! आता शोध-बदल करायला घेतो. एक शेवटचं : पुस्तकात रणगाडे आणि तोफखानाही आहे. तिथेही 'रेजिमेंट म्हणजे घराणं, पलटण म्हणजे लढणारी' हा नियम लावू का?

---

चिलखती

नाही! तिथे नियम उलटतो. चिलखती दलात आणि तोफखान्यात रेजिमेंट हीच लढणारी एकक आहे, बटालियनच्या तोडीची. तिला पलटण म्हणत नाहीत.

आजची भारतीय चिलखती रेजिमेंट म्हणजे ४५ रणगाडे. तीन स्क्वाड्रन, प्रत्येकी १४, आणि रेजिमेंट मुख्यालयाचे तीन. स्क्वाड्रनमध्ये चार ट्रूप, प्रत्येकी तीन रणगाडे, वर स्क्वाड्रन मुख्यालयाचे दोन. महायुद्धाच्या काळचे आकडे वेगळे होते, ते मूळ पुस्तकातूनच घ्या. ट्रूपचं 'सैन्य' करू नका, इंग्रजी अनेकवचनी 'ट्रूप्स' म्हणजे सैनिक आणि एकवचनी 'ट्रूप' म्हणजे हे तीन रणगाडे. अमेरिकन पुस्तक असेल तर अजून सांभाळा, त्यांच्या घोडदळी परंपरेत ट्रूप म्हणजे कंपनीएवढी. घोडदळाचा वारसा असल्याने हुद्देही बदलतात : सुभेदार नाही, रिसालदार. हवालदार नाही, दफेदार. शिपाई नाही, सवार.

तोफखान्यात रेजिमेंटमध्ये साधारण १८ तोफा, तीन बॅटऱ्या, प्रत्येकी सहा. बॅटरी म्हणजे इथे विजेरी नाही, हे यंत्राने भाषांतर केलेल्या मजकुरात दिसतं म्हणून सांगतो.

पूना हॉर्सचा उल्लेख आला तर तिला 'पुण्याची घोडेस्वार पलटण' करू नका. ती रेजिमेंट आहे, नाव 'पूना हॉर्स' असंच ठेवा, 'पुणे हॉर्स' नको. शहराचं नाव बदललं, रेजिमेंटचं नाही. १९६५ मध्ये लेफ्टनंट कर्नल तारापोर तिचे कमांडंट होते. रिसाल्यात सीओऐवजी हा शब्द चालतो. 'कमांडंट'ला 'समादेशक' लिहायचा मोह होईल, पण वर वृत्तडेस्क यांनी सांगितलंच, तो पोलिसांचा.

---

पायदळी

चिलखती यांना दुजोरा. शब्दवेडा, शोध-बदल एका दमात करू नका. आधी 'पलटण' शोधून प्रत्येक ठिकाणी मूळ वाक्य बघा, दीडशेच आहेत. माणसांचा आकडा दिला असेल तर त्यावरून, नसेल तर प्रमुखाच्या हुद्द्यावरून ठरवा : नाईक असेल तर सेक्शन, जमादार-सुभेदार-सेकंड लेफ्टनंट असेल तर प्लाटून, मेजर असेल तर कंपनी, लेफ्टनंट कर्नल असेल तर बटालियन. ऐन लढाईत हुद्द्याचा नियम मोडतो, हे लक्षात असू द्या. अधिकारी पडले की सुभेदार कंपनी चालवतो, हवालदार प्लाटून. तिथे हुद्दा खाली गेला म्हणून कंपनीची प्लाटून करू नका. मूळ लेखकाने 'कंपनी' म्हटलंय तर ती कंपनीच, मग तिच्यात चाळीस माणसं उरली असोत.

बटालियन ठरली की निवेदनात 'बटालियन' ठेवा आणि सैनिकांच्या बोलण्यात 'पलटण'. 'बटालियनला आदेश मिळाला' आणि 'साहेब, पलटणीची इज्जत आहे' हे दोन्ही एकाच पानावर शोभतात. उलट केलंत तर दोन्ही खोटे वाटतात.

---

शब्दवेडा

मघाशी चाळीस ठिकाणं तपासली. एकतीस प्लाटून निघाल्या, पाच सेक्शन, तीन बटालियन. एक राहिलं. तिथे लेखक म्हणतो, 'संध्याकाळी पलटणीत पंधरा जण उरले होते', मूळ शब्द प्लाटून, प्रमुख लान्स नाईक. पायदळी सर म्हणाले तसं प्लाटूनच ठेवतोय.